अंधार सांगून धाडणारे नाना

माझी आई सांगलीत विश्रामबागेतल्या बायकांना सांगायची, "आमचा मुलगा वीज तयार करतो." ती हे अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्या बाईला वाटावं, कोयनेचं धरण रोज सकाळी मीच उघडतो. प्रत्यक्षात मी कडेगावच्या पुढे, जिथे ऊस संपतो आणि बाभळी सुरू होतात, तिथल्या एका गावच्या नगरपालिकेच्या पावर हाऊसमध्ये कनिष्ठ अभियंता होतो. पावर हाऊस म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत दोन डिझेल इंजिनं, बाहेर तेलाची टाकी आणि आढ्याला वटवाघळं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची ही गोष्ट. गावात कोयनेची वीज 'येणार, येणार' म्हणून खांब उभे राहिले होते, पण वीज काही आली नव्हती. तोवर गावाचा उजेड त्या शेडमधून निघायचा.

मी रुजू झालो तो दिवस मला आठवतो. टेरिलीनची नवी पँट, काखेत डिप्लोमाची सर्टिफिकेटं आणि खिशात आकडेमोडीची सरकपट्टी, स्लाइडरूल. ती स्लाइडरूल मी बाहेर डोकावेल अशी ठेवली होती. शेडच्या दारात खाकी अर्ध्या चड्डीतला, सहा फुटी, गलमिशा राखलेला एक माणूस उभा होता. त्याने माझ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघितलं.

"सायेब, चपला भाईर."

"इथे? मशिनपाशी?"

"थोरली हाय आत. धाकटी पन हाय. तुमच्या घरात थोरल्यांपुढं चपला घालून जाता व्हय?"

मी मुकाट्याने चपला काढल्या. वीजनिर्मितीतलं माझं पहिलं पाऊल असं अनवाणी पडलं, आणि ते नेमकं सांडलेल्या तेलात पडलं. मी घसरलो. त्या माणसाने मला एका हाताने धरलं आणि म्हणाला, "तिनं वळखलं तुमास्नी."

हे नाना मोहिते. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आमचे पावर हाऊस सुपरवायझर. कागदावर ते माझ्या हाताखाली होते. हे मी पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांना सांगितलं. ते दोन्ही वेळा "जी सर!" म्हणाले आणि पूर्वीसारखंच वागत राहिले. तिसऱ्यांदा सांगायचं मी टाळलं.

थोरली हे मोठं इंजिन, धाकटी हे लहान. नानांच्या मते त्या दोघी सख्ख्या जावा होत्या आणि एकीचं दुसरीशी पटत नव्हतं. उन्हाळ्यात गावात पंखे सुरू झाले की एकटीला भार झेपायचा नाही, मग दोघींना एकत्र जोडावं लागे. दोन जनरेटर एकत्र जोडायचे तर दोघांच्या विजेची लय एकच हवी. ती जुळते की नाही हे कळायला पॅनेलवर दोन दिवे होते. लय जुळत नसली की ते पेटत-विझत राहत, आणि पूर्ण विझलेल्या क्षणी खटका दाबायचा. मी हे कॉलेजात आकृत्या काढून शिकलो होतो आणि त्यात मला चांगले मार्क होते. नाना म्हणायचे, "दोघींचा राग एकदम मावळला, की तवाच एका चुलीपुढं बसवायच्या." मग हात वर करून परेडवर असल्यासारखे ओरडायचे, "हां… हां… आता!" आणि मी खटका दाबायचो. निम्म्या वेळा आमचा क्षण चुकायचा. शेड हादरायची, वटवाघळं उडायची, गावातले दिवे डोळा मारायचे. मी म्हणायचो नाना उशिरा ओरडले, नाना म्हणायचे धाकटीनं जाणूनबुजून केलं. एकूण धाकटीलाच दोष देणं दोघांच्या सोयीचं होतं.

नाना गप्प बसणारे नव्हते. फौजेत असताना त्यांनी एका बर्फाळ ठिकाणी जनरल साहेबांच्या तंबूत दिवा लावला होता. ही हकिकत मी किमान पन्नास वेळा ऐकली असेन. कधी तो जनरल असायचा, कधी ब्रिगेडियर. एकदा चहा लवकर संपला म्हणून कॅप्टनवर भागवलं होतं. पण शेवट ठरलेला. साहेब म्हणाले, "शाबास मोहिते, तुमने रात का दिन कर दिया." हे वाक्य म्हणताना नाना उभे राहायचे. आपल्या हातून झालेली कुठलीही गोष्ट त्यांनी कधी कुणापासून लपवून ठेवली नव्हती. नवा बोल्ट घट्ट केला तरी संध्याकाळपर्यंत तो चावडीवर पोचायचा.

शाळेची मुलं पावर हाऊस बघायला यायची तेव्हा तर त्यांच्या अंगात यायचं. "हवा दाबली की तिला राग येतो. लय दाबली की रागानं अशी तापती, अशी तापती, की त्यात तेलाचा फवारा मारला की काडी लागतच न्हाई. आपसूक भडका! त्या भडक्यानं हा दट्ट्या खाली. दट्ट्यानं हे चाक फिरतंय, चाकानं जनरेटर." इथवर सगळं बरोबर होतं. मी चार पानं लिहून पास झालो होतो ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं म्हणून मला जरा वाईटही वाटायचं. मग ते जनरेटरकडे वळत. "ह्यात लोहचुंबक फिरतंय, तांब्याच्या तारंला गुदगुल्या व्हत्यात, आनि ईज तारंच्या पोकळीतनं गावात पळती." इथे मी पुढे होऊन सांगे की तार पोकळ नसते. मुलं माझ्याकडे दयेने बघायची. एका मुलीने मला विचारलंही, "मग ईज जाती कुठनं?" मी बराच वेळ समजावलं. जाताना मुलं नानांच्या पाया पडली. माझ्या स्लाइडरूलचा उपयोग तेव्हा एकच उरला होता. नाना ती पाठ खाजवायला मागून नेत.

थोरली चालायची तेव्हा तिला थंड ठेवायला तिच्या अंगातून पाणी खेळवावं लागे, आणि ते गरम होऊन मागच्या हौदात पडे. पाणी आणि सरपण दोन्हींची टंचाई असलेल्या त्या गावात फुकटचं गरम पाणी म्हणजे चैनच. त्या हौदावर नानांनी नियम लावला होता. पहिलं पाणी बाळंतिणीचं. मग आजाऱ्याचं, मग म्हाताऱ्यांचं, आणि राहिलंच तर तालमीतल्या पैलवानांचं. सुईणपण करणाऱ्या पारूमावशी रोज घागर घेऊन यायच्या. गावात कुठे पाळणा हलला हे नगरपालिकेच्या आधी आमच्या हौदाला कळायचं. मी एकदा फार दमून, पहिल्या पाण्याने अंघोळ करायला निघालो होतो. नाना म्हणाले, "सायेब, तुमी बाळंत झाला का?" मी तांब्या परत ठेवला.

पण नानांची खरी ओळख म्हणजे रामराम.

तेल पुरवायचं म्हणून पावर हाऊस रात्री ठरावीक वेळी बंद व्हायचं. सरळ खटका ओढला की झालं. नाना तसं कधीच करत नसत. पॅनेलवर व्होल्टेज कमी-जास्त करायचं एक चाक होतं. ते हळूच डावीकडे वळवायचे. गावातला प्रत्येक दिवा पिवळा पडून मंदावायचा, मग पुन्हा उजळायचा. थोड्या वेळाने पुन्हा, मग तिसऱ्यांदा. पहिल्याला पान आवरायचं, दुसऱ्याला अंथरूण घालायचं, तिसऱ्याला कंदील लावायचा. हे गावात कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. तिसऱ्या रामरामानंतर लोक बोलताबोलता उठून चालू लागत.

मी तांत्रिक दृष्टीने त्याला हरकत घेतली होती. यंत्राला ते बरं नाही वगैरे. नाना म्हणाले, "सायेब, उजेड न सांगता आला तरी चालतोय. अंधार मातुर सांगूनच धाडायचा. कुनाच्या हातात दुधाचं पातेलं आसतंय, कुनी जिन्यात आसतंय." मी ती हरकत 'विचाराधीन' ठेवली.

या रामरामाने एकदा भलताच घोटाळा केला. खंडेनवमीला इंजिनांची पूजा होई. त्या वर्षी संध्याकाळी गावात नाटक कंपनी आली होती, म्हणजे थोरलीला सणाच्या दिवशी कामाला लावणं आलं. नानांनी नारळ फोडून तिची रीतसर परवानगी काढली आणि झेंडूचा भला मोठा हार घातला. तो घातला कुठे, तर ती हवा आत ओढते त्या नळीच्या तोंडावर. "तोंड तेच हाय न्हवं तिचं," हा त्यांचा विचार. नाटकाला रंग भरला आणि तिकडे हार त्या तोंडावरच्या जाळीला चिकटत गेला. थोरलीचा श्वास कोंडला. धुराड्यातून काळा धूर निघाला, दिवे मंदावले. हार जरा सुटला, दिवे उजळले. असं नेमकं तीनदा झालं.

मी तेवढ्या वेळात इंजिनाचं पुस्तक उघडून 'काळा धूर : कारणे व उपाय' हे प्रकरण वाचत होतो. त्यात हाराचा उल्लेख नव्हता.

इकडे गावाने तीन रामराम मोजले आणि अख्खं प्रेक्षागृह उठलं. रंगमंचावर राजा तलवार उपसून उभा होता आणि समोर लोक चपला शोधत होते. नंतर नानांनी हार काढला, दिवे लख्ख झाले, पण तेव्हा राजासमोर फक्त नगरपालिकेचे चीफ ऑफिसर उरले होते, कारण ते परगावचे होते आणि त्यांना रामराम माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना उभं करून झापलं. नाना बाहेर आल्यावर म्हणाले, "थोरलीनं परसाद घेतला, त्यात आमचा काय गुन्हा?" मी मान डोलावली. झापताना साहेबांची नजर बहुतेक वेळ माझ्यावरच होती.

मग कोयनेची वीज खरंच यायची ठरली. तारा ओढून झाल्या. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार, शाळेच्या मैदानात मांडव, दिवेलागणीला पाहुणे बटण दाबणार आणि गाव उजळणार. ते बटण तयार करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या कारकिर्दीतलं हे पहिलं स्वतंत्र अभियांत्रिकी काम. मी सागाच्या पेटीवर पितळी बटण बसवलं, पॉलिश केलं, आणि त्याला विजेची मुख्य लाइन अजिबात जोडली नाही. कारण ते दाबल्यावर फक्त पावर हाऊसमध्ये एक घंटी वाजणार होती, आणि ती ऐकून मी खांद्याएवढं एक हँडल वर ढकलायचं होतं. हँडल खाली असलं की गाव आमच्या इंजिनावर, वर केलं की कोयनेवर. आईला मी पत्रात एवढंच लिहिलं की उद्घाटनाचं सगळं माझ्यावर आहे.

चीफ ऑफिसरांनी बैठकीत सांगितलं की त्या दिवशी दुपारीच इंजिन बंद करा. गावात अंधार हवा, म्हणजे नवा उजेड उठून दिसेल. नाना उभे राहिले.

"साहेब, येक अर्ज हाय. बंद करायच्या आधी तीनदा रामराम घालू द्या. शेवटचा."

"मोहिते, दुपारी दिवेच नसतात. मंदावणार काय?"

"मग सांजच्याला घालतो. पावन्यांच्या आधी."

"पाहुण्यांसमोर दिवे मिचकावायचे? ते नाटकाच्या वेळचं पुरे नाही झालं? अजिबात नाही."

नाना खाली बसले. परतताना वाटेत म्हणाले, "सायेब, इतकी वर्सं अंधार कुनाच्या दारात सांगितल्याबिगर धाडला न्हाई. आनि आता मीच चोरावानी मागल्या दारानं जाऊ व्हय?" मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू." सरकारी नोकरीत हा शब्द मी फार लवकर शिकलो होतो.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी मी शेडवर गेलो तर थोरली चालूच. गावाशी तिचा संबंध तोडलेला होता, पण ती आपली रिकामी धडधडत होती.

"नाना! हुकूम काय आहे?"

"हुकूम ईज बंद करायचा हाय. ती बंद हाय. कुंभाराची सून परवा बाळंत झालीया. पारूमावशी सांजचं पानी न्यायला येनार. पानी तापवू नगा आसा हुकूम दावा."

असा हुकूम माझ्याकडे नव्हता. मी धूर मांडवाकडे जात नाही ना, एवढं बघून आत आलो.

दिवस मावळला. घंटी वाजली. मी छाती पुढे काढून हँडल वर ढकललं आणि गाव तसंच अंधारात राहिलं.

कोयनेच्या लाइनीच्या मीटरचा काटा शून्यावर होता. मी काचेवर टिचकी मारली. तीन वर्षांच्या डिप्लोमातून त्या क्षणी मला एवढंच आठवलं. घंटी पुन्हा वाजली. पाहुणे बटण दाबत होते, पुन्हा दाबत होते, आणि माझी पॉलिश केलेली पेटी मांडवात हजार लोकांसमोर आपलं खरं रूप दाखवत होती. मी दुसरी टिचकी मारली.

"सायेब, हँडल खाली!" नाना ओरडले.

मी खाली ओढलं. नानांनी थोरलीचा वेग सावरला, काट्याकडे एकदा बघितलं आणि खटका दाबला. थोरली कण्हली, धुराडं एकदा खोकलं, आणि मैदानातून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. लाउडस्पीकरवर पाहुणे म्हणत होते, "कोयनामाई आज आपल्या दारी आली आहे!"

मी आमच्या वायरमनला सायकलवरून नव्या लाइनीकडे पिटाळलं. मग नानांकडे बघितलं. आता हे काय काय बोलणार, याची मी मनाची तयारी केली होती. नाना फडक्याने थोरलीचा पितळी कठडा पुसत राहिले. जनरलच्या तंबूतला एक दिवा ज्यांनी आयुष्यभर पुरवला, त्यांच्या हातात आज सगळं गाव होतं आणि ते गप्प होते. मला ते बघवेना.

वायरमन धापा टाकत परत आला. मेंढरांना पाला म्हणून कुणीतरी बाभळ तोडली होती आणि एक फांदी तारेवर टाकून दिली होती. महिनाभर तारा मेलेल्याच होत्या, त्यामुळे त्यांची भीती कुणाला उरली नव्हती. नशिबाने तिथे माणूस किंवा जनावर नव्हतं. फांदी निघाली आणि थोड्याच वेळात माझ्या मीटरचा काटा टिचकी न मारता वर आला. कोयना खरोखर दारात उभी होती.

आता थोरलीला काढायचं आणि हँडल वर करायचं.

नाना पॅनेलपाशी आले. त्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "सायेब. तीनदा. बास."

मांडवात भाषण चालू होतं. चीफ ऑफिसरांचा हुकूम माझ्या कानात होता. हो म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. नाही म्हणायचंही नव्हतं. मी वळलो, त्यांच्याकडे पाठ केली आणि भिंतीवरची अग्निशमनाची सूचना फार लक्ष देऊन वाचू लागलो. माझ्या शौर्याची मर्यादा तेवढीच होती.

भिंतीवरचा माझ्यासमोरचा दिवा पिवळा पडला आणि उजळला.

मांडवात काय झालं ते मला नंतर कळलं. पहिल्या रामरामाला लोकांत चुळबुळ झाली. दुसऱ्याला बायकांनी पोरं काखेत घेतली. तिसऱ्याला सवयीने अख्खं मैदान उठून उभं राहिलं, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आरं, कोयनेला कुठला रामराम ठावं? ही तर नानाची लाइट हाय गड्या!" पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत गर्दी मांडवाच्या मागच्या बाजूने बाहेर पडली. घरी कुणीच गेलं नाही.

आम्ही दारात आलो तर अंगण भरलं होतं. पारूमावशी घागर घेऊन पुढे उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "सांगून चाललास व्हय रं, नाना?"

"आवं, सांगितल्याबिगर कसा जाईन, मावशी?"

मग नाना आत आले. मी हँडलवरचा हात काढून बाजूला झालो. त्या नोकरीत मी केलेलं हे एकमेव बिनचूक काम असावं. त्यांनी खटका पाडला, अंधार झाला, आणि त्यांनी हँडल वर केलं. पांढरा, स्थिर उजेड आला. थोरली हळूहळू थांबली. ती थांबल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्या गावात रातकिडे आहेत.

चीफ ऑफिसरांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं होतं. मी सकाळी लवकरच, पाय ओढत, पावर हाऊसवरून निघालो होतो. मागच्या हौदापाशी नाना वाकून पाण्यात कोपर बुडवून बघत होते. थोरलीने आदल्या संध्याकाळी काम केलं होतं, त्याची ऊब अजून पाण्यात होती. त्यांनी घागर भरली, खांद्यावर घेतली आणि कुंभारवाड्याकडे निघाले. सहा फुटी माणूस, गलमिशा, खांद्यावर घागर. मी मागे मागे गेलो. साहेबांकडे जायची मला घाई नव्हती.

कुंभाराच्या दारात त्यांनी घागर उतरवली. म्हातारी सासू बाहेर आली.

"काकी, कोमट हाय. येवढ्यात भागवा." मग ते म्हणाले, "आनि आत्ताच सांगून ठिवतो. उद्या न्हाई."

म्हातारी "बरं" म्हणाली. ती आत जाऊन रिकामी घागर घेऊन येईपर्यंत नाना दारात तसेच उभे होते.